टाऊचे चुंबकत्व : एका क्षणजीवी कणाच्या मोजमापाचा इतिहास

१/ इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक आहे. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार त्याचा चुंबकीय गुणांक नेमका २ असावयास हवा होता. १९४७ मध्ये कुश आणि फोली यांना तो किंचित अधिक आढळला. ज्युलियन श्विंगर यांनी गणिताने ही वाढ ०.११६ टक्के असल्याचे दाखवले.

२/ इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्यूऑन. त्याचे आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांचे, तरीही चुंबकीय क्षेत्रात फिरवून त्याचे मोजमाप करता आले.

३/ १९७५ मध्ये मार्टिन पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्टॅनफर्ड येथे तिसरे भावंड सापडले : टाऊ. तो म्यूऑनच्या सुमारे १७ पट जड. अज्ञात जड कणांचा प्रभाव बहुधा वस्तुमानाच्या वर्गानुसार वाढतो. म्हणजे टाऊमध्ये तो म्यूऑनच्या जवळजवळ २८० पट दिसू शकतो.

४/ मात्र सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यांतील जेमतेम तीन भाग एवढेच टाऊचे आयुष्य. त्याला फिरवत ठेवणार कसे?

५/ उत्तर मिळाले जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या ‘लेप’ यंत्रात. तेथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून लक्षावधी झेड कण निर्माण झाले. काही झेड कणांचा क्षय टाऊच्या जोडीत होई, आणि त्यांतही क्वचित एक फोटॉन बाहेर पडे.

६/ या विरळ क्षयातच मेख होती. टाऊचे चुंबकत्व अपेक्षेहून बरेच अधिक असते, तर टाऊपासून दूर जाणारे तेजस्वी फोटॉन जास्त संख्येने दिसले असते. कणाला न थांबवता, त्याने सोडलेल्या प्रकाशावरून त्याची परीक्षा!

७/ १९९८ मध्ये ओपल आणि एल-३ या गटांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एल-३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधकही होते. जादा फोटॉन आढळले नाहीत. परंतु एल-३ च्या मापनातील अनिश्चितता सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे श्विंगर यांच्या आकड्याच्या तीसपट होती.

८/ २०२४ मध्ये सीएमएस गटाने वेगळी वाट धरली. जवळून जाणाऱ्या प्रोटॉनांभोवतीच्या फोटॉनांची टक्कर होऊन जन्मलेल्या टाऊच्या जोड्या त्यांनी तपासल्या. अनिश्चितता ०.३ टक्क्यांवर आली. तरी ती श्विंगर यांच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पटच. इलेक्ट्रॉनबाबत १९४७ मध्येच दिसलेली ती वाढ टाऊमध्ये अद्याप प्रत्यक्ष पाहावयाची आहे.