वाफ, पोलाद आणि गिरणगाव

व्याख्यान संपून मंडळी पांगू लागली, की एखादा विद्यार्थी हमखास व्यासपीठाशी येऊन उभा राहतो. अशाच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, की धातूंचे गुणधर्म आणि उष्णतेचे शास्त्र हे दोन विषय आम्हांला निरनिराळ्या पेपरांत येतात. त्यांचा एकमेकांशी संबंध तो काय? प्रश्न दिसायला परीक्षेचा. परंतु त्याचे उत्तर परळ-लालबागच्या गल्ल्यांतून आजही शिल्लक असलेल्या गिरण्यांच्या चिमण्यांपाशी शोधावे लागते.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला त्यांची कापडगिरणी सुरू झाली. मुंबईत ना कोळशाची खाण, ना धो धो वाहणारी नदी. तरीही हा धंदा वाफेवर उभा राहिला. कोळसा गलबतांनी विलायतेहून येई, पुढे बंगालमधून येऊ लागला. तो महाग, आणि इंजिन मोठे उधळे! गिरणीच्या इंजिनात शंभर भाग उष्णता घातली, तर दहापंधरा भागच कामाला येत; बाकीची चिमणीतून आणि गरम पाण्यातून निघून जाई.

हा काही केवळ कारागिराचा दोष नव्हे. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने 1824 सालीच दाखवून दिले होते, की उष्णतेपासून किती काम मिळेल याला एक मर्यादा आहे, आणि ती वाफ किती तापली व शेवटी किती थंड झाली यावर ठरते. वातावरणाच्या दहापट दाबाची वाफ सुमारे 180 अंश तापलेली असते. ती 40 अंशांपर्यंत थंड केली, तर कितीही उत्तम इंजिन असो, शंभरातले एकतीस भागच हाती लागणार. गिरण्यांच्या आवारांत तळी होती, ती याच कारणाने: वाफ थंड करायला पाणी हवे. ती शोभेची तळी नव्हती, इंजिनाचा अर्धा भागच होता, असे आम्ही म्हणू.

मग वाफ अधिक का तापवीत नाहीत? येथे लोखंड आडवे येते. गिरण्यांतून सर्रास दिसणारा लँकेशायर बॉयलर म्हणजे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले एक अजस्र पिंप. त्याच्या पोटातून दोन मोठ्या नळ्या गेलेल्या आणि त्या नळ्यांतच भट्ट्या. पाणी नळ्यांच्या वर असेपर्यंत सारे ठीक. पाणी खाली उतरून नळीचा माथा उघडा पडला, की तो लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबाखाली आत दबून फाटतो. पाण्यातले क्षार पत्र्यावर बसले, तरी तेच. थर उष्णता अडवतो आणि पाणी पुरेसे असूनही खालचा पत्रा भाजून निघतो. म्हणून माथ्यावर सहज वितळणाऱ्या धातूची एक गुडदी बसवीत. पाणी आटले की ती वितळावी आणि सुटलेल्या वाफेने आग विझावी. 1923 च्या बॉयलर कायद्याने देशभर तपासणी व नोंदणी सक्तीची केली, ती उगीच नव्हे. पण रात्रपाळीला पाण्याच्या काचेकडे डोळे लावून बसणारा आगवाला त्या कायद्याच्या आधीही होता आणि नंतरही. भोंगा वाजला की गिरणगाव उठे. त्या भोंग्याची वाफ त्याच्या फावड्यातून निघे. या माणसाला आमच्या इतिहासलेखकांनी फार थोडी जागा दिली आहे.

त्याच सुमारास कोळशाला एक तोडही निघाली होती. टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवले आणि 1915 साली खोपोलीहून वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाणी सुमारे 1,700 फूट खाली कोसळे. नळाच्या तळाशी त्याचा दाब दर चौरस इंचाला साडेसातशे पौंडांच्या आसपास, म्हणजे गिरणीतल्या बॉयलरच्या सुमारे पाचपट! येथेही पोलाद भक्कमच हवे. मात्र ते थंड राहते, आणि पडणाऱ्या पाण्याला कार्नोची मर्यादा लागू नाही. परंतु ही वीज फुकट आली नाही. मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांची भातशेते जाणार म्हणून 1921 पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालेच. गिरणगावातल्या दिव्यांचा हिशेब करताना ही बाजू गाळली, तर तो हिशेब खोटा होतो.

पाणी पुरेना, तेव्हा 1956 साली तुर्भ्याला पुन्हा वाफ आली; या वेळी थंड करायला खाडीचे पाणी होते. अशा मोठ्या वीजकेंद्रांतून वाफ 540 अंशांपर्यंत तापवतात. कार्नोची मर्यादा मग साठाच्या वर जाते, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस भाग मिळतात. एवढ्या उष्णतेत साधे पोलाद तुटत नाही, पण भाराखाली वर्षानुवर्षे केसाकेसाने ताणले जाते. म्हणून त्यात क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळतात. आणि तरीही काही हजार तास चालल्यावर नळ थंड करून त्यांचा घेर मोजतात, तो किती फुगला हे पाहण्यासाठी.