मधल्या इयत्तेचे आईबाप



१६३१ च्या जून महिन्यात तापीकाठी, आपल्या बुऱ्हाणपुरात, मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. ही हकीकत या गावातले शाळकरी पोरही सांगते. तिच्या पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. नदीपलीकडे जैनाबादेत तिचा देह तात्पुरता पुरलेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो आग्र्याला न्यावयाचे ठरले, तेव्हा बादशहा स्वतः दक्षिणेच्या मोहिमेपायी इथेच राहिला आणि आईच्या शवाबरोबर मुलाला, शहा शुजाला, पाठविण्यात आले. त्याचे वय होते पंधरा वर्षांचे. थोरली मुलगी जहाँआरा सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीचा निम्मा वाटा आणि राजवाड्यातील आईचे स्थान तिच्याकडे आले.

मी अकरावीच्या वर्गाला इतिहास शिकवते. ही वये फळ्यावर लिहिली की वर्गातली कुजबुज थांबते आणि मुले एकमेकांकडे पाहू लागतात. कारण ती वये त्यांचीच असतात.

राजवाड्याची गोष्ट सोडून द्या. बुऱ्हाणपूर हे विणकरांचे आणि कलाबतूच्या कारागिरांचे गाव. विणकराच्या घरात मूल आधी कांड्या भरी, मग ताण्यावर हात बसवी आणि मिसरूड फुटेतो मागावर बसलेले असे. मूल होते तोवर मूल, आणि मागावर बसले की पुरुष. मुलीच्या बाबतीत तर लग्न ही एकच रेषा होती आणि ती फार लवकर ओढली जाई. लेकरू आणि कर्ता माणूस यांच्या मधोमध काही वर्षे असू शकतात, आणि त्या वर्षांत आईबापांनी कसे वागावे हा एक प्रश्न असू शकतो, हे त्या समाजाला सुचण्याचे कारणच नव्हते.

आपल्याकडे एक जुने सुभाषित आहे. पाच वर्षे लाड करावे, दहा वर्षे धाक दाखवावा आणि सोळावे लागले की पुत्राशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा भावार्थ. पालकांच्या सभांतून ते हमखास ऐकायला मिळते. मला त्यात दोन उणिवा दिसतात. कन्येविषयी त्यात अक्षर नाही. आणि एका रात्रीत मित्र व्हावे कसे, हेही सांगितलेले नाही. आम्ही रविवारी जे शुभवर्तमान ऐकतो, त्यातही काही वेगळे घडलेले नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, आईबापांनी त्याला तीन दिवस शोधले, एवढे लूक सांगतो. त्यानंतर येशू भेटतो तो एकदम तिशीच्या सुमाराचा. मधली अठरा वर्षे दोनचार शब्दांत आटोपली आहेत. पंधरासोळाव्या वर्षी नाझरेथच्या त्या घरात काय बोलणे होत असेल, हे मरिया आणि योसेफ यांनाच ठाऊक.

ही मधली वर्षे निर्माण केली ती विद्यापीठांनी. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, आणि पदवी यांच्या मध्ये आणखी एक परीक्षा आली. कुठे तिला फर्स्ट आर्ट्‌स म्हणत, कुठे प्रीव्हियस. पुढे इंटरमीजिएट हे नाव रूढ झाले आणि लोकांच्या तोंडी त्याचे नुसते ‘इंटर’ झाले. इंटर म्हणजे मधले. उत्तर प्रदेशात बारावीला आजही लोक इंटरच म्हणतात.

आता बुऱ्हाणपूरच्या एखाद्या मराठी घरात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हे कसे घडत असेल ते डोळ्यांपुढे आणा. मुलगा मॅट्रिक झाला. पुढे काय? आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. ती आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या छत्राखाली होती. १९२३ साली नागपूरलाच विद्यापीठ झाले. जबलपूरला सरकारी कॉलेज होते, इंदूरला १८९१ पासून होळकर कॉलेज होते, आणि ज्यांचे नातलग पुण्यात त्यांना फर्ग्युसन होते. शेजारच्या खानदेशात मात्र जळगाव आणि अमळनेर येथील कॉलेजे निघायला १९४५ साल उजाडावे लागले. तेव्हा कोणत्याही दिशेने पाहिले तरी मुलगा घराबाहेर जाणार हे ठरलेले.

लालबागच्या स्टेशनावरून तो निघे. नागपूरला जायचे तर भुसावळला गाडी बदलायची, मग अकोला, बडनेरा, वर्धा. इंदूरला जायचे तर खंडव्याला उतरून छोट्या गाडीत बसायचे. वळकटी, पत्र्याची ट्रंक, आईने दिलेला डबा. बापाचे बदलणे त्या फलाटावरच सुरू होई आणि बरेचसे तिथेच संपेही, कारण आगगाडी त्याचे काम करून टाकीत असे. कालपर्यंत ज्याला ‘दिवेलागणीला घरात ये’ म्हणून दरडावले, तो आज दिवेलागणीला कुठे आहे हे समजण्याचा मार्गच उरत नसे. बापाच्या हाती दोन साधने राहत, पत्र आणि मनीऑर्डर. मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळींची जागा असे. त्या चार ओळींत प्रकृती, अभ्यास, घरची खुशाली आणि जपून खर्च करण्याची ताकीद, एवढे सारे बसवावे लागे. मला वाटते, कमी शब्दांत बोलायला आपल्याकडचे बाप त्या कुपनावर शिकले.

सगळ्यांनाच मुलगा दूर धाडणे परवडत नसे हे खरे. ज्यांची मुले खेड्यातून मोठ्या गावच्या हायस्कुलात येत, त्यांच्यावर हा प्रसंग आणखी आधी येई. अमळनेरच्या हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे कामही पाहत होते. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, विस्कटलेले कपडे नीट घडी करून ठेवीत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढीत. खानदेशातल्या किती आईबापांनी आपले पोर तिथे ठेवून निर्धास्तपणे गावची वाट धरली असेल!

परंतु मुलगा घरातच राहिला तर? ज्या घरात खोली एकच आहे, तिथे बापाने कुठे सरकायचे? याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण रामजी सकपाळांचे आहे.

रामजी लष्करात सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महू म्हणजे आपल्या निमाडच्या वरच्या अंगाला, घाट चढून गेले की लागणारी छावणी. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. रामजी हाडाचे शिक्षक. मुलाचे इंग्रजी त्यांनी स्वतः पक्के करून घेतले; तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यासाठी हाताशी असे. पुढे कुटुंब मुंबईला, परळच्या एका चाळीत आले. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. अभ्यास बापाच्या शिकवण्यापलीकडे जाऊ लागला आणि राहायला खोली एकच. तिथेच स्वयंपाक, तिथेच माणसे, तिथेच सामानसुमान. रामजींनी त्यावर उपाय काढला. मुलाने रात्री लवकर झोपायचे. बाप दोन वाजेपर्यंत जागा राही, दोनला मुलाला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. सारी चाळ निजलेली असताना मुलगा घासलेटच्या दिव्याशी वाचीत बसे.

या गोष्टीचा उल्लेख बहुधा मुलाची जिद्द दाखविण्यासाठी केला जातो, आणि ती जिद्द होतीच. मी शिक्षिका म्हणून त्यात बापाला पाहते. कालपर्यंत जो शेजारी बसून शब्द घोकून घेत होता, त्याने ओळखले की आता आपण शिकवू शकणार नाही. तेव्हा त्याने शिकवणे सोडले आणि जागणे पत्करले. हा बदल दिसायला लहान असला तरी पुष्कळांना तो आयुष्यभर साधत नाही. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. त्याच सुमारास त्यांचे लग्नही झाले होते. म्हणजे घरचे एका हाताने त्यांना जुन्या रीतीने कर्ता पुरुष करीत होते आणि दुसऱ्या हाताने नव्या रीतीने विद्यार्थी ठेवीत होते. पुस्तकांना पैसे कमी पडले की रामजी आपल्या लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ही आठवण बाबासाहेबांनीच पुढे सांगितलेली आहे. भावाची पुस्तके बहिणींच्या दागिन्यांवर आली, हे आपण विसरू नये. कॉलेजचा खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

इकडे सरकारी मंडळींनाही ही मधली वर्षे कुठे ठेवावीत हे कळेना. १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने दोन वर्षांनी सांगितले की इंटरपर्यंतचे शिक्षण हे खरे तर शाळेचेच आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने इंटर मोडून त्याचे एक वर्ष शाळेला आणि एक कॉलेजला द्यावे असे सुचविले. कोठारी आयोगाने १९६६ साली दहा अधिक दोन या रचनेची शिफारस केली. प्रत्येक अहवालात मुलाचे वय मोजलेले आहे. आईबापांना त्या वयाशी जुळवून घ्यायला किती काळ लागतो, याचे मोजमाप कोणी केले नाही.

आपल्या गावाला तर याचा दुहेरी ताप झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. ज्या विद्यापीठाकडे आपली मुले जात, ते एका रात्रीत परराज्यातले झाले. पुढे १९७५ साली महाराष्ट्राने दहा अधिक दोन स्वीकारले, तर मध्य प्रदेशात अकरावीची हायर सेकंडरी १९८० च्या दशकापर्यंत चालू होती. परिणाम असा झाला की रावेरच्या मामाचा मुलगा दहावीची बोर्डाची परीक्षा देऊन ‘ज्युनिअर कॉलेजात’ जाई, पँट घालून, वही हातात धरून. आणि त्याच्याच वयाचा बुऱ्हाणपूरचा भाचा शाळेच्या गणवेशात अकरावीला बसे. दोघांचे वय एक, आजी एक, पण एकाला ‘कॉलेजकुमार’ म्हणून चहा विचारला जाई आणि दुसऱ्याला ‘बाळा, दूध घे’ म्हटले जाई. मूल केव्हा मोठे झाले हे त्याच्या वाढीवर ठरले नाही. ते सरहद्दीच्या कोणत्या बाजूला राहते यावर ठरले. वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी हे ऐकले तेव्हा हसले होते. आता तितके हसू येत नाही.

आज अकरावी दोन्हीकडे सारखी आहे. फलाट मात्र राहिला नाही. पुष्कळ मुले घरातच असतात, आणि तरीही गेलेली असतात. गणित घ्यायचे की जीवशास्त्र, हे पंधराव्या वर्षी ठरते आणि त्या एका अर्जावर घरात महिनाभर बोलणे बंद राहते. काहींना इंदूरच्या किंवा कोट्याच्या शिकवणीवर्गांना धाडतात. त्या आयांना मनीऑर्डरीच्या कुपनाची अडचण नाही. रात्री नऊला फोन लागतो, चेहराही दिसतो. एक आई मला म्हणाली, “बाई, रोज दिसतो हो, पण ‘हं’ याच्यापुढे बोलत नाही.” मुलींच्या बाबतीत सुभाषितातली ती जुनी उणीव मी आजही पाहते. मुलगी शाळेच्या परीक्षांत भावाच्या पुढे असते, पण इंदूरला पाठवायचे ते त्याला, कारण ती ‘इथेही शिकू शकते’. धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले त्याला, १९१६ पासून मोजले तर, शंभरावर वर्षे झाली.

गेल्या वर्षीची गोष्ट. यंत्रमागाचा छोटा धंदा असलेले एक गृहस्थ शाळेत मला भेटायला आले. मुलगा नुकताच अकरावीत आला होता. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, “बाई, दहावीपर्यंत मी रोज त्याच्याजवळ बसायचो. पाढे, गणित, सगळे. आता पुस्तक उघडले की मला काहीच कळत नाही. तो विचारतही नाही. मी आता करू काय?”

माझ्याजवळ उपाय नव्हता. मी त्यांना रामजींची गोष्ट सांगितली, ते दोन वाजेपर्यंतचे जागणे सांगितले. ऐकून ते काही न बोलता गेले.

दिवाळीनंतर ते पुन्हा दिसले, बाजारात. म्हणाले की मुलाच्या खोलीच्या भिंतीला लागून जे दोन माग होते, ते त्यांनी रात्री दहानंतर बंद ठेवायला सुरुवात केली आहे. यंत्रमाग ज्यांच्या घरात आहेत त्यांना त्या खडखडाटाची आणि रात्रपाळीच्या मजुरीचीही किंमत ठाऊक आहे. मी ती विचारली नाही. माग थांबले की ते हिशेबाची वही घेऊन बाहेरच्या खोलीत बसतात. “तो काही विचारत नाही, मीही काही विचारत नाही,” ते म्हणाले. “साडेबारा वाजले की आतून आवाज येतो, पप्पा, तुम्ही झोपा आता.”