दर्यापूर परिसरातील ग्रामीण स्त्रियांचे श्रम

दर्यापूर परिसरातील ग्रामीण स्त्रियांचे श्रम म्हणजे अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुका आणि त्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्याच्या भागात भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांतील स्त्रिया करीत असलेली मोबदल्याची आणि विनामोबदला कामे. एकच काम दुसऱ्याच्या शेतात केले तर ती मजुरी ठरते, स्वतःच्या शेतात केले तर ‘घरची मदत’ आणि चुलीसाठी केले तर ‘घरकाम’. ही विभागणी कष्टावरून होत नाही. काम कोणासाठी केले यावरून होते. मजुरी, शासकीय गणना, नुकसानभरपाई आणि जमिनीची मालकी या सर्वांवर तिचा परिणाम होतो.

पार्श्वभूमी

दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे असल्याने ते पिण्यास किंवा ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. कापूस, तूर, मूग, उडीद व सोयाबीन ही खरिपाची पिके असून काळ्या जमिनीत टिकून राहिलेल्या ओलीवर रब्बीत हरभरा घेतला जातो. परिणामी शेतमजुरी वर्षातील काही महिन्यांत एकवटते आणि उन्हाळ्यात जवळजवळ थांबते. पाण्यासाठीची पायपीट मात्र त्याच काळात वाढते.

मोबदल्याचे काम

सरकी टोबणे, निंदण, कापूस वेचणी आणि सोंगणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. वखरणी, डवरणी व फवारणी ही पुरुषांची कामे मानली जातात. निंदणाची मजुरी रोजावर, तर वेचणीची किलोवर ठरते. कापसाची वेचणी साधारणतः दसरा-दिवाळीपासून हिवाळा संपेपर्यंत तीन-चार वेच्यांत चालते. सुरुवातीच्या वेच्यांत बोंडे भरपूर असतात. शेवटच्या वेच्यात तेवढ्याच वेळात कापूस कमी निघतो. दर वाढला नाही, तर दिवसाची कमाई घटते. तान्हे मूल सोबत असेल, तर त्याला पाजण्यात गेलेला वेळही अखेर वजनातूनच वजा होतो.

मजूर स्त्रिया गटाने कामाला जातात आणि गावात काम नसल्यास मालवाहू गाड्यांतून शेजारच्या गावांत जातात. चुकारा अनेकदा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. हंगामात मेळघाटातील कोरकू कुटुंबेही सोंगणीसाठी मैदानी भागात उतरतात. कापसाच्या जागी सोयाबीन आल्यावर स्त्रियांच्या मजुरीचे स्वरूप बदलले. या पिकाला अनेक वेच्यांची गरज नसते आणि त्याची काढणी-मळणी यंत्रानेही होते. त्यामुळे वेचणीच्या काही महिन्यांचा रोजगार थोड्या दिवसांवर येतो.

विनामोबदला काम

पाणी भरणे, पऱ्हाट्या व तुराट्यांचे सरपण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, स्वयंपाक, जनावरांची देखभाल, मुले, वृद्ध व आजारी यांची शुश्रूषा आणि घरच्या शेतातील निंदण-वेचणी ही कामे यात येतात. प्रादेशिक नळयोजनांमुळे व गॅसजोडणीमुळे त्यांतील काही कष्ट हलके झाले. तथापि नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळणे आणि सिलिंडर परवडेनासा झाल्यावर पुन्हा चूल पेटवणे, हे स्त्रीच्याच वाट्याला येते.

मजुरी आणि घरकाम परस्परांवर अवलंबून असतात. वेचणीला जाणारी स्त्री घरची कामे पहाटे व रात्री उरकते. तेही शक्य नसेल, तर धाकट्या भावंडांची जबाबदारी थोरल्या मुलीवर येते. अशी मुलगी हंगामात शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर दिसते. तिने घरी केलेले काम मात्र कोणत्याच नोंदीत येत नाही. आईच्या मजुरीचा काही भाग अशा रीतीने मुलीच्या शिक्षणातून भागवला जातो.

मानधनावरील काम

अंगणवाडी सेविका व मदतनीस (एकात्मिक बालविकास सेवा योजना, १९७५) आणि आशा स्वयंसेविका (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, २००५) यांचे काम या दोन प्रकारांच्या मधले आहे. त्यांना वेतनाऐवजी मानधन अथवा कामानुसार मोबदला मिळतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान कायद्यानुसार उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला.

गणनेतील स्थान

जनगणनेत ‘काम’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या उत्पादक काम. १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतातील वा व्यवसायातील विनामोबदला कामाचा प्रश्नात स्पष्ट उल्लेख करण्यात आला. स्वयंपाक, पाणी भरणे व संगोपन मात्र व्याख्येबाहेरच राहिले. गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासोबत अनुत्पादक गटात टाकण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात टीका केली.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे होते.

कायदे व योजना

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात आकारास आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेत स्त्री-पुरुषांना कामाचा दर समान होता. समान वेतन कायदा १९७६ चा असून त्यातील तरतुदी पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाल्या. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद होती. घरात विनामोबदला मानले जाणारे मूल सांभाळण्याचे काम येथे कायद्याने मजुरीस पात्र ठरले.

जमिनीची मालकी

शेतात वर्षभर राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज, पीकविमा वा शासकीय मदत मिळवताना तिला शेतकरी म्हणून उभे राहणे अवघड जाते. पतीच्या मृत्यूनंतर ही अडचण तीव्र होते. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या वऱ्हाडात अनेक स्त्रियांना आधी वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागल्या. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम हाती घेऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. वारसा कायद्यातील १९९४ च्या राज्य दुरुस्तीने व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू कुटुंबांतील मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क दिला. भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांना मात्र या सुधारणांचा थेट लाभ होत नाही. त्यांच्यासाठी मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि पाण्याची सोय हेच निर्णायक प्रश्न आहेत.