डोळे चांगले, तरी हात का चुकतो?

समजा, इंदापूरचे साठीतले एक काका सकाळी चहाला बसले आहेत. समोरचा कप त्यांना दिसतो, त्याचा रंगही ते बरोबर सांगतात. पण उचलायला गेले की हात कपाच्या शेजारी पडतो. घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल, बारामतीला डोळे दाखवून आणू." तिथे डोळे चांगले निघतात. मग बिघाड कुठे आहे?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या डॉ. रेझ्यो बालिंट यांना पडला. १९०३ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाची नजर शाबूत होती, हातात ताकदही होती. तरी उजवा हात वस्तूपर्यंत नीट पोहोचत नसे. सिगारेट तो टोकाला न पेटवता मध्येच पेटवायचा. डाव्या हाताने मात्र वस्तू बरोबर पकडायचा. स्वतःच्या अंगावरची जागा दाखवायला सांगितली, तर तोच उजवा हात न चुकता तिथे जायचा. म्हणजे डोळा ठीक, हातही ठीक. डोळ्याचा निरोप हातापर्यंत पोहोचत नव्हता. १९०६ मध्ये रुग्ण वारला. मेंदू तपासला तेव्हा दोन्ही बाजूंच्या पॅरायटल लोबला, म्हणजे मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला, इजा झालेली दिसली. १९०९ मध्ये बालिंट यांनी हे प्रसिद्ध केलं आणि हात चुकण्याच्या या दोषाला 'ऑप्टिक अटॅक्सिया' असं नाव दिलं.

पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक डॉ. गॉर्डन होम्स यांनी तपासले. दोन वस्तूंपैकी जवळची कोणती, हे त्यांना सांगता येत नसे. चालताना ते समोरच्या वस्तूंवर आदळत. होम्स यांनी १९१८ मध्ये हे लिहून ठेवलं.

१९९१ मध्ये मिल्नर आणि गुडेल यांनी नेमकी उलट गोष्ट दाखवली. विषारी वायूने मेंदूला इजा झालेल्या एका महिलेला समोरची फट उभी आहे की आडवी, हे ओळखता येत नव्हतं. पण हातातलं कार्ड ती त्याच फटीत बरोबर घालायची! यातून त्यांनी मांडलं, की वस्तू 'ओळखण्याची' वाट मेंदूच्या खालच्या भागातून जाते आणि तिच्यापर्यंत हात 'नेण्याची' वाट वरच्या भागातून.

आपल्यासाठी या इतिहासाचा अर्थ काय? हात असा अचानक चुकायला लागला, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून चष्म्याच्या दुकानात सकाळ घालवू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. त्रास महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल आणि डोळे चांगले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

घरी अशा माणसाचं ताट, तांब्या, औषधं रोज एकाच जागी ठेवा. टेबलाच्या कडेला हात टेकवून वस्तूपर्यंत सरकवायला शिकवा. आणि "नीट बघून घ्या ना!" असं ओरडू नका. ते नीटच बघत असतात.