चाव्याची नोंद

लंडनमध्ये १६३२ साली मेलेल्या माणसांची कारणवार यादी जॉन ग्रॉन्टने १६६२ मधल्या आपल्या पुस्तकात छापली आहे. तिच्यात 'पिसाळलेले कुत्रे चावून' या ओळीपुढे आकडा आहे १. हे कारण ठरवणारे कुणी वैद्य नव्हते. मृतदेह पाहून कारण सांगण्याचे काम त्या त्या चर्चच्या हद्दीतल्या वयस्क बायकांकडे असे. त्या माणसाला कुत्रे हाताला चावले की पायाला, आणि मरणाआधी किती दिवस, हे यादी सांगत नाही. चाव्याच्या नोंदीचा पुढचा इतिहास म्हणजे या एका ओळीला कोणते रकाने जोडले गेले त्याचा इतिहास. विषय रूक्ष वाटेल. पण या रकान्यांनी माणसे वाचवली आणि जिथे ते कोरे राहिले तिथे माणसे नोंदीविना गेली, असे मला हा इतिहास वाचताना वारंवार जाणवले.

मुळात चाव्याची जागा का लिहायची? सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे आणि पाण्याला भिणाऱ्या रोग्याची आशा सोडावी असेही तिथे म्हटले आहे. या जलत्रासाचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. बोटे आणि पंजा मज्जातंतूंनी दाट भरलेले असतात आणि हातापासून मेंदूचा रस्ताही पोटरीपासूनच्या रस्त्यापेक्षा जवळचा. म्हणून 'कुत्रे चावले' एवढे लिहून भागत नाही. बोटावरचा चावा आणि पोटरीवरचा चावा डॉक्टरला सारखाच वेळ देतील असे नाही.

ही बाब कागदावर काटेकोरपणे आली ती १८८५ साली. अल्सासमधला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर ६ जुलैला लुई पाश्चरकडे आणला गेला. पाश्चरने त्याचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला त्यात चावा कधी झाला, हात, पाय आणि मांड्यांवर मिळून चौदा जखमा कशा होत्या, त्या कार्बोलिक आम्लाने किती तासांनी डागल्या आणि पहिली लस चाव्यानंतर साठ तासांनी कशी टोचली, हे सारे आहे. मुलगा जगला, तरी शंका घेणारे होतेच. चावलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही, मग हा लसीमुळेच वाचला कशावरून? या प्रश्नाचे उत्तर एका मुलाच्या जगण्यातून मिळणार नव्हते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने ते तक्त्यांतून दिले. चावणारे जनावर पिसाळलेले असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले, पशुवैद्याने ठरवले की नुसता संशय होता, असे तीन वर्ग पाडले. शिवाय चावा डोक्याला, हाताला की इतर अवयवांना, हेही वेगळे मोजले. लसीवरचा विश्वास प्रयोगशाळेइतकाच या रकान्यांवर उभा राहिला.

ही पद्धत हिंदुस्थानात आली ती १९०० साली कसौलीला सुरू झालेल्या पाश्चर इन्स्टिट्यूटबरोबर. तिथले पहिले संचालक डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पुढे देशभर वापरली गेली. जखम कुठे आणि किती खोल यावरून रोग्याचा वर्ग ठरे, आणि वर्गावरून लसीची मात्रा आणि दिवस. 'पोटात चौदा इंजेक्शने' हा धाक आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी लहानपणी ऐकला. त्या चौदाच्या मागे अशी वर्गवारी होती. ही मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

दुसरीकडे मृत्यूची कारणे साऱ्या जगात एकाच भाषेत लिहावीत, हा खटाटोप चालू होता. जाक बर्टिलाँने १८९३ साली शिकागोत मांडलेले वर्गीकरण त्याचा पाया. १९४८ मधली सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने काढली आणि त्यात जखमेला दोन संकेतांक मिळाले. एक जखमेचे स्वरूप सांगणारा, दुसरा ती कशामुळे झाली ते सांगणारा. दहाव्या आवृत्तीत खांदा व दंडाची उघडी जखम 'एस ४१', कोपरापासून खालच्या हाताची 'एस ५१', मनगट व पंजाची 'एस ६१'; आणि कुत्रा चावल्याचा 'डब्ल्यू ५४'. अमेरिकेने ऑक्टोबर २०१५ पासून वापरलेल्या आपल्या आवृत्तीत हे आणखी बारीक केले. हात डावा की उजवा, उपचार पहिल्यांदा की पुढचा, माणसाने माणसाला चावले असेल तर अपघाताने की मारहाणीत, प्रत्येकाचा अंक वेगळा. तिथले विम्याचे पैसे या अंकांवर फिरतात, म्हणून ही बारकाई. आणि अंक घालण्याच्या या कामाचा मोठा वाटा आपल्याकडची मुलेमुली करतात. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसलेली एखादी पदवीधर मुलगी परमुलखातल्या अनोळखी माणसाच्या उजव्या हातावरचा चावा अचूक नोंदवते.

आपल्या गावच्या दवाखान्यात त्याच चाव्याचे काय होते? केसपेपरवर 'कु. चा.' एवढेच लिहिलेले असेल, तर ती नोंद १६३२ च्या ओळीपेक्षा फार पुढे गेलेली नाही. जखम पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या श्रेणीची हे लिहिले नाही, तर रक्त आलेल्या चाव्यात लसीबरोबर जखमेत भरायचे प्रतिद्रव्य द्यायचे राहून जाऊ शकते. आणि एक फट खुद्द वर्गीकरणातच आहे. रेबीजने माणूस गेला की मृत्यूचे कारण 'ए ८२', म्हणजे संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात जाते. हातावरचा चावा जखमांच्या प्रकरणात मागेच राहतो. दोहोंमध्ये बहुधा एक ते तीन महिने, कधी अधिकही गेलेले असतात. चावा एका दवाखान्यात, मरण घरी, आणि भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकीही पाचातल्या साधारण एकालाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण मिळते. मग मृत्यूच्या दाखल्यावर ताप किंवा झटका लिहिला गेला, तर त्याला कुत्र्याशी जोडणार कोण?

ही दोन टोके जोडणारी वस्तू अगदी साधी आहे: लस टोचणाऱ्या सिस्टरच्या टेबलावरची नोंदवही. नाव, वय, जनावर, अवयव, श्रेणी, आणि पुढच्या डोसांच्या तारखा. तिसऱ्या डोसाच्या रकान्यात खूण नाही असे दिसले की त्या माणसाच्या घरी कुणीतरी जाऊन विचारू शकते. पाश्चरच्या तक्त्यांनी लसीवर जगाचा विश्वास बसवला. या वहीतला कोरा रकाना वेळेत कुणाच्या नजरेस पडला, तर एक माणूस वाचतो.