14, पारशीबागान लेन

भारतीय मनोविश्लेषण संस्था 1922 साली कोलकात्यात निघाली, तेव्हा तिचा पत्ता म्हणजे संस्थापकाचं राहतं घर होतं. सभासद पंधरा. बहुतेक मानसशास्त्र-तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, काही लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. त्यांत रांचीच्या मनोरुग्णालयाचे इंग्रज अधीक्षक ओवेन बर्कले-हिलही होते. त्याच वर्षी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं या घरगुती संस्थेला सामावून घेतलं.

घर होतं डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचं. 1887 साली दरभंग्यात जन्म, 1910 मध्ये डॉक्टरी. संमोहनाची आवड होती, तिच्यातून ते मनाच्या आजारांकडे वळले. 1921 साली त्यांनी इच्छांच्या दमनावरचा प्रबंध डी.एससी.साठी कोलकाता विद्यापीठाला सादर केला आणि तो छापून थेट व्हिएन्नाला धाडला. फ्रॉइडचं उत्तर आलं, आणि पत्रव्यवहार 1937 पर्यंत चालला. भेट मात्र कधीच झाली नाही. मनोविश्लेषण शिकायला आधी दुसऱ्या विश्लेषकाकडून स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं. बोस यांना असा गुरू मिळालाच नाही. ते स्वतःच शिकले.

बोस यांनी फ्रॉइडचा फोटो पाहण्याआधीच चित्रकार जतींद्रकुमार सेन यांच्याकडून त्याचं काल्पनिक चित्र काढून घेतलं आणि त्यालाच पाठवलं. चित्रातला माणूस आपल्यापेक्षा फारच देखणा आहे, असं फ्रॉइडनं मिस्कीलपणे कळवलं. 1931 मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला संस्थेनं हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट दिली. ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली. आज ती लंडनच्या फ्रॉइड संग्रहालयात आहे.

पण बोस मूर्ती पाठवून गप्प बसणारे भक्त नव्हते. प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची उलट इच्छा दडलेली असते, हा त्यांचा सिद्धान्त. आपल्या भारतीय रुग्णांत पुरुषाच्या मनातली स्त्री होण्याची इच्छा युरोपियनांपेक्षा सहज वर येते, असं त्यांनी फ्रॉइडला कळवलं. फ्रॉइडनं सौजन्यानं ऐकून घेतलं, मत बदललं नाही. बोसही हटले नाहीत. माझ्या मते हीच या पत्रव्यवहाराची खरी शान. गुलामगिरीच्या काळात व्हिएन्नाच्या आचार्याशी बरोबरीनं वाद घालायला वेगळी छाती लागते.

सिद्धान्त आज अभ्यासकांपुरते उरलेत. टिकलं ते दुसरंच. 1 मे 1933 रोजी बोस यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, मनाच्या आजारांची ओपीडी सुरू केली. सर्वसाधारण रुग्णालयातली देशातली ही पहिली. तोवर अशा रुग्णाला भिंतीआडचं वेड्यांचं इस्पितळ, नाहीतर घरातली कोंडी. आता तो खोकल्या-तापाच्या रुग्णांशेजारी बसू लागला. पाच वर्षांनी डॉ. के. आर. मसानी यांनी मुंबईत जे. जे.मध्ये असाच विभाग उघडला आणि ही रीत महाराष्ट्रात आली. 1940 मध्ये संस्थेनं लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय काढलं. जागा दिली गिरींद्रशेखरांचे बंधू राजशेखर यांनी, म्हणजे ‘परशुराम’ नावानं लिहिणाऱ्या प्रसिद्ध बंगाली विनोदकारानं. 1947 पासून ‘समीक्षा’ हे नियतकालिक निघालं. 1953 मध्ये बोस गेले.

मनोविश्लेषण इकडे आमच्या बारामती-इंदापूरपर्यंत कधी आलं नाही, आणि येण्याची शक्यताही नव्हती. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर बोलायला येणारा रुग्ण ऊसतोडीच्या हंगामात कुठून मिळणार? ओपीडी मात्र आली. पूर्वी इथल्या घरात कुणाचं बिनसलं की आधी देवऋषी, अंगारा, उतारा. हाताबाहेर गेलं तर पुण्यात येरवड्याचं मनोरुग्णालय. बारामतीहून शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब, आणि ‘येरवड्याला नेलं होतं’ हा शिक्का मुलीच्या लग्नापर्यंत पुरायचा. 2019 पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि असं महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. बाई गुडघ्यासाठी आली की झोपेसाठी, हे शेजारणीला कळत नाही.

अडचण पुढे आहे. रांग लांब, डॉक्टर मोजके. गोळ्या लिहून होतात. घरातलं, शेतातलं, कर्जाचं सगळं ऐकून घ्यायला वेळ उरत नाही. बोस यांच्या घरी रुग्णाला तो मिळायचा.