सोमल, जीवनसत्त्व आणि रुग्णांचा हिशेब

औषधाचा इतिहास लिहिणारे बहुधा त्याच्या शोधापाशीं येऊन थांबतात. तें कोणीं, कोठें व कोणत्या सालीं शोधून काढलें आणि पहिल्या रोग्यास त्याचा कसा गुण आला, एवढें सांगून झालें म्हणजे आपलें काम संपलें असें त्यांस वाटतें. परंतु ज्यांच्यासाठीं तें औषध शोधिलें गेलें त्यांपैकीं किती जण त्यानें खरोखर वांचले, हा प्रश्न अगदीं निराळा आहे. त्याचें उत्तर शोधाच्या हकीकतींत सांपडत नाहीं. त्यासाठीं रुग्णालयांच्या वह्यांकडे आणि देशोदेशींच्या नोंदपटांकडे वळावें लागतें. एका दुर्मिळ रक्तरोगाच्या बाबतींत हे दोन्ही इतिहास आज उपलब्ध आहेत, आणि ते एकमेकांशीं जुळत नाहींत. ही तफावत कशी पडली, आणि ती कोठें व कशानें भरून आली, हें पाहण्यासारखें आहे.

या रोगास पाश्चात्त्य वैद्यकांत ‘अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया’ असें नांव आहे. आपल्या हाडांच्या पोकळींतील मज्जेंत रक्तपेशी जन्मास येतात व क्रमाक्रमानें प्रौढ होऊन रक्तांत उतरतात. या रोगांत पांढऱ्या पेशींची एक जात अपक्व अवस्थेंतच अडकून पडते. ती पुढें वाढत नाहीं, वेळेवर मरतहि नाहीं, केवळ संख्येनें फुगत जाते. तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या शंभर रोग्यांमागें सुमारें दहांस हा प्रकार आढळतो. १९५७ सालीं नॉर्वेमधील हिलेस्टाड या वैद्यानें तीन रोग्यांच्या आधारें त्याचें पृथक् वर्णन केलें, तेव्हां त्यानें या रोगाची भयंकर गति हेंच त्याचें मुख्य लक्षण म्हणून नमूद केलें. आजार उघडकीस आल्यापासून मृत्यु येईपर्यंत अवघे कांहीं आठवडे जात. मृत्यूचें कारणहि विलक्षण होतें. अडकलेल्या पेशींतून अशीं द्रव्यें बाहेर पडतात कीं त्यांच्या योगानें रक्त गोठण्याची सारी व्यवस्था कोलमडते; मग हिरड्यांतून, त्वचेखालीं, आणि अखेरीस मेंदूंत किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो. कर्करोग माणसास हळूहळू पोखरतो ही सामान्य समजूत येथें लागू पडत नाहीं. सकाळीं स्वतःच्या पायांनीं चालत आलेला रोगी रात्रीं दगावूं शकतो.

या रोगावरील पहिला उपाय पॅरिसमध्यें सांपडला. डॉनोरुबिसिन नांवाच्या पेशीनाशक औषधानें निम्म्याहून अधिक रोग्यांचा रोग दिसेनासा होतो, असें झां बर्नार व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं दाखवून दिलें. परंतु पुष्कळांचा रोग पुन्हां उलटे. शिवाय औषधाच्या माऱ्यानें पेशी फुटल्या म्हणजे आधींच चाललेला रक्तस्राव प्रथम अधिकच बळावे.

यानंतर शांघाय येथील रुइजिन रुग्णालयांतील वैद्य वांग झेन्यी यांनीं निराळीच दिशा धरली. अडकलेल्या पेशीस मारण्याऐवजीं तिला प्रौढ करतां येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता; कारण प्रौढ झालेली पेशी आपलें नेमलेलें आयुष्य संपवून आपोआप मरते. ‘अ’ जीवनसत्त्वाशीं नातें असलेलें रेटिनॉइक आम्ल अशा पेशींस प्रयोगपात्रांत प्रौढ करतें, हें १९८० च्या सुमारास अमेरिकेंत दिसून आलें होतें. वांग यांनीं त्याचा ‘ऑल-ट्रान्स’ हा प्रकार निवडला आणि १९८५ सालीं, इतर उपाय थकलेल्या एका पांच वर्षांच्या मुलीस तो दिला. मुलगी बरी झाली. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत २४ रोग्यांची हकीकत आहे. त्यांतील २३ जणांचा रोग या एकाच औषधानें हटला, व उरलेल्या एकाचा दुसऱ्या औषधाची थोडी जोड दिल्यावर हटला. मात्र त्याच वृत्तांतांत हेंहि लिहिलेलें आहे कीं आठ जणांचा रोग दोन ते पांच महिन्यांत परत आला. एकट्या औषधाची मर्यादा अशी पहिल्याच वेळीं उघड झाली. म्हणून पुढें फ्रान्स, चीन वगैरे देशांतील वैद्यांनीं त्यास डॉनोरुबिसिनच्या वर्गांतील औषधांची जोड दिली, आणि या मिश्र उपचारानें बहुसंख्य रोगी कायमचे बरे होऊं लागले.

तिसरें औषध अधिक जुनें आणि अधिक बदनाम होतें. सोमल म्हटला म्हणजे आपल्याकडे विषप्रयोगाचीच आठवण होते. तथापि रसशास्त्रानें सोमल, हरताळ आणि मनशीळ यांस शुद्ध करून औषधांत स्थान दिलेलें आहे. युरोपांतहि टॉमस फाउलर या इंग्रज वैद्यानें १७८६ सालीं सोमलाचा द्राव हिंवतापावर प्रचारांत आणला, आणि १८६५ सालीं जर्मनींत लिसाउएर यानें तोच द्राव रक्तकर्करोगाच्या एका जीर्ण प्रकारांत वापरून पाहिला. पुढें क्ष-किरण व नवीं औषधें आलीं, तशी त्याची आठवण पुसट होत गेली. ती पुन्हां जागी झाली उत्तर चीनमधील हार्बिन शहरांत. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील वैद्यांच्या कानांवर एक गांवठी उपाय आला. त्यांत सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचें विष अशीं तीन द्रव्यें होतीं. हान ताइयुन यांनीं त्याचें टोंचण्याजोगें औषध बनविलें, आणि झांग तिंगडोंग यांनीं एकेक द्रव्य वेगळें करून पाहिलें, तेव्हां गुण सोमलाचा आहे आणि तो विशेषेंकरून याच रोगांत येतो, असें ठरलें. जगाला याची वार्ता बऱ्याच उशिरां लागली. १९९७ सालच्या शांघायच्या वृत्तांतांत, रोग उलटलेल्या १५ जणांपैकीं १४ जणांस या उपचारानें पुन्हां उतार पडल्याचें प्रसिद्ध झालें. आणि २००० सालीं अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें, रोग उलटलेल्या रोग्यांसाठीं, त्यास मान्यता दिली. हें औषध शिरेवाटें, मोजून, आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून द्यावें लागतें. त्याचा घरगुती सोमलाशीं कांहीं संबंध नाहीं, हें येथें सांगितलेलें बरें.

या दोन औषधांची जोडी इतकी नेमकी कां बसली, याचा उलगडा पेशीच्या अंतरंगांत झाला. या रोगांत पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदललेले असतात, हें शिकागोच्या जॅनेट रौली यांनीं १९७७ सालीं दाखविलें होतें. पुढें १९९० च्या सुमारास असें आढळलें कीं या अदलाबदलीमुळें दोन निरनिराळ्या प्रथिनांचे भाग जोडले जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतें, आणि तेंच पेशीची वाढ रोखून धरतें. त्याच्या एका भागावर रेटिनॉइक आम्ल चालतें, दुसऱ्यावर सोमल. दोन्हीं बाजूंनीं धरलेलें तें प्रथिन नाश पावतें. २००४ सालीं शांघायमधील वैद्यांनीं ६१ रोग्यांवर ही जोडी तोलून पाहिली. एकेकटें औषध घेणाऱ्या ३७ जणांपैकीं सात जणांचा रोग उलटला. जोडी घेणाऱ्या २० जणांपैकीं एकाचाहि उलटला नाहीं. २०१३ सालीं फ्रांचेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखालीं इटली व जर्मनी येथील वैद्यांनीं पेशीनाशक औषधें अजिबात वगळून केवळ ही जोडी, रोगाचा जोर फार नसलेल्या रोग्यांस, देऊन पाहिली. जोडी घेणाऱ्या ७७ जणांपैकीं प्रत्येकाचा रोग हटला. दोन वर्षांनीं निर्विघ्न असलेल्यांचें प्रमाण जोडीच्या गटांत शेंकडा ९७, तर जुन्या मिश्र उपचाराच्या गटांत शेंकडा ८६ भरलें.

शोधाचा इतिहास येथें संपतो, आणि तो यशस्वी आहे यांत शंका नाहीं. आतां नोंदपट उघडून पाहूं. ज्या रोग्यांस निवडून घेऊन प्रयोग करतात, ते प्रयोगांत नांव नोंदविण्यापुरते तरी जगलेले असतात. जो रोगी त्यापूर्वींच गेला तो कोणत्याच गटांत नसतो. स्वीडनमध्यें मात्र अशा प्रत्येक प्रौढ रोग्याची राष्ट्रीय पटांत नोंद होते. १९९७ ते २००६ या काळांतील १०५ रोग्यांचा तेथील हिशेब २०११ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां असें दिसलें कीं शेंकडा २९ जण रोगनिदानापासून तीस दिवसांच्या आंत मरण पावले, आणि या मृतांपैकीं शेंकडा ३५ जणांना रेटिनॉइक आम्लाची एकहि मात्रा मिळालेली नव्हती. त्याच वर्षीं अमेरिकेंतील १९९२ ते २००७ या काळांतील १४०० रोग्यांची मोजणी निघाली. तेथें पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १७ हून थोडें अधिक भरलें, आणि इतक्या वर्षांत तें म्हणण्यासारखें उतरलेलेंहि नव्हतें. हे आंकडे सोमलाची जोडी सर्वत्र रूढ होण्यापूर्वींचे आहेत, हें खरें. परंतु जो रोगी पहिल्याच दिवसांत, औषध तोंडांत पडण्यापूर्वीं जातो, त्यास पुढची जोडी कोणती असावी या वादाचा कांहीं उपयोग नाहीं. स्वीडन किंवा अमेरिका हे दरिद्री देश नव्हत, आणि औषधहि तेथें उपलब्ध होतें. उणीव होती ती वेळेवर संशय येण्याची. दुर्मिळ रोगाचा हाच मोठा शाप आहे कीं सामान्य वैद्यास तो जन्मांत एखाद-दुसऱ्या वेळीं दिसतो, आणि तेव्हां तो ओळखूं येत नाहीं.

ही उणीव भरून काढतां येते, याचा पुरावा दक्षिण अमेरिकेंतून आला. ब्राझीलमधील १३४ रोग्यांचा आढावा २००७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत शेंकडा ३२ जण उपचाराच्या पहिल्याच टप्प्यांत दगावल्याचें दिसलें. अमेरिकेंतील रक्तवैद्यांच्या संस्थेच्या पुढाकारानें ब्राझील, मेक्सिको, चिली व उरुग्वे येथील रुग्णालयांचा एक संघ स्थापन झाला. त्यानें कोणतेंहि नवें औषध आणलें नाहीं. रेटिनॉइक आम्ल आणि स्वस्त डॉनोरुबिसिन हींच द्रव्यें वापरलीं. बदलल्या त्या रीती. संशय येतांच, निदान पक्कें होण्याची वाट न पाहतां, रेटिनॉइक आम्ल सुरू करावयाचें. कांचपट्टीवरील सोप्या परीक्षेनें कांहीं तासांत निदान ठरवावयाचें. रक्तबिंबिका व रक्तरस सढळ हातानें द्यावयाचा. आणि अडचणीच्या रोग्यांविषयीं जाणत्या वैद्यांशीं नियमितपणें विचारविनिमय करावयाचा. २०१३ सालीं १८३ रोग्यांचा हिशेब बाहेर आला. आरंभींचे मृत्यु शेंकडा १५ वर उतरले होते, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याजवळ. आणि दोन वर्षांनीं शेंकडा ८० जण हयात होते.

आपल्या देशानेंहि या हिशेबांत महत्त्वाची भर घातली आहे. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत १९९८ ते २००४ या काळांत ७२ नव्या रोग्यांस केवळ सोमलाचें औषध देण्यांत आलें. रेटिनॉइक आम्ल व पेशीनाशक औषधें यांच्या मिश्र उपचाराचा खर्च, आणि त्यापासून होणारे उपद्रव निस्तरण्याचा खर्च, येथील बहुतेक कुटुंबांस झेपणारा नव्हता; सोमल त्यामानानें स्वस्त होता. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें शेंकडा ८६ जणांचा रोग हटला, आणि त्यांतील बहुतेकांचा उतार टिकून राहिला. जोडी अधिक सरस हें पुढें ठरलें. पण परवडणारा उपचार पुरता करणें हें उत्तम उपचार अर्धवट सोडण्यापेक्षां बरें, हा धडा वेल्लोरनें घालून दिला. चीनमध्यें मनशीळ व नीळ यांपासून बनविलेल्या, पोटांत घ्यावयाच्या औषधानेंहि शिरेवाटें दिलेल्या सोमलाइतकाच गुण येतो, असें २०१३ सालीं २४२ रोग्यांवरून दिसून आलें. त्यामुळें महिनेच्या महिने रुग्णालयांत राहण्याचा भार हलका होण्याचा मार्ग खुला झाला.

हे दोन इतिहास शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. औषधांची जोडी कितीहि अचूक असो, ती ज्याच्यापर्यंत पोंचते त्यालाच वांचविते. शांघाय व हार्बिन येथील संशोधकांनीं आपलें काम चोख केलें. उरलेलें काम संशोधकांचें नाहीं. तें गांवच्या दवाखान्याचें, रक्त तपासणाऱ्या कारकुनाचें, रक्तपेढीचें, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली ज्याच्यापाशीं असते त्याचें आहे. तरण्या माणसाच्या अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उमटले, हिरड्यांतून रक्त थांबेना, आणि रक्ताच्या कांचपट्टीवर अपक्व पेशींचा थवा दिसला, तर ‘उद्यां पाहूं’ असें न म्हणणें, हा या उपचाराचाच पहिला भाग समजला पाहिजे. रेटिनॉइक आम्लाच्या थोड्या गोळ्या जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयांत ठेवण्यास फार द्रव्य लागत नाहीं. त्या ठेवल्या आणि त्याच रात्रीं दिल्या, तर नोंदपटांतील तो पहिल्या तीस दिवसांचा रकाना पुष्कळसा रिकामा होईल.